दान मोठं की राखण?

ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली खोदकाम चाललेलं असताना तांब्याचे पत्रे हाती लागले. शिलाहार राजा अरिकेसरी याचं ते दानपत्र, शके ९३९ मधलं, म्हणजे इसवी सन १०१७ चं. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. नंतर उत्तर कोकणात अशी आणखी बरीच दानपत्रं सापडली, आणि १९७७ साली वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख एका जाड खंडात एकत्र आणले.

मी इतिहासातली नव्हे. बी.कॉम. होऊन विद्यापीठाच्या लेखा विभागात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. मिराशींचा तो खंड निवृत्तीनंतर चाळला, तेव्हा मात्र तो परका वाटला नाही. कुणी दिलं, कुणाला दिलं, काय दिलं, कशासाठी दिलं, चतुःसीमा कोणत्या, मजकूर लिहिला कुणी. आमच्या सँक्शन ऑर्डरमध्ये याहून वेगळं काय असतं? रक्कम, हेड, मुदत, अटी आणि खाली सही.

अशा दानपत्रांच्या शेवटी ठरावीक श्लोक येतात. त्यांतल्या एकाचा आशय असा की देणं आणि दिलेलं राखणं या दोहोंत राखणं श्रेष्ठ. देणाऱ्याला स्वर्ग मिळतो, राखणाऱ्याला कधीच न ढळणारं पद. लगेच पुढे शाप असतो. जो दिलेलं हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. ज्यांना संस्कृत येत नव्हतं त्यांच्यासाठी कोकणात गद्धेगाळ उभे केले. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. तो दगड बघून कुणालाही अर्थ कळावा.

शापाचं कारण समजतं. राजा मेला की त्याचा मुलगा, नाहीतर शत्रू, ती जमीन परत घ्यायचा. पण राखणारा देणाऱ्यापेक्षा मोठा कसा? राजानं स्वतःचं काहीतरी सोडलं. राखणाऱ्यानं काय सोडलं?

हा प्रश्न मला मिराशींनी घातला नाही, एका हेडक्लार्कनं घातला. बाळकुमला माझ्या घरापासून मुंबई विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे विद्यापीठ, महाविद्यालय, फाइल या गोष्टी निवृत्तीनंतरही दाराशीच राहिल्या. ओळखीच्या महाविद्यालयांतून बोलावणं आलं की मी जाते. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, कधी मुरबाड. तिथल्या कार्यालयीन मंडळींना संशोधन अनुदानाचा कारभार शिकवते. केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम, म्हणजे आमच्या भाषेत जीएफआर. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे युसी, ते बारा-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. अनुदानावर बँकेनं दिलेलं व्याज आपलं नाही, हिशोब पक्का झाला की तेही केंद्राच्या संचित निधीत भरायचं. रिकरिंग आणि नॉन-रिकरिंगची सरमिसळ करायची नाही. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, वस्तू मिळते का ते आधी बघायचं. पीएफएमएस या केंद्राच्या वित्तीय प्रणालीवर नोंद कशी करायची. डेड स्टॉक रजिस्टर कसं लिहायचं. एवढं सांगेपर्यंत जेवणाची वेळ होते.

अशाच एका ठिकाणी हे सगळं ऐकून झाल्यावर, निवृत्तीला आलेले ते हेडक्लार्क हात वर करून म्हणाले, “मॅडम, दिल्लीवाले पैसे देणार, सर लोक शोध लावणार, पेपर त्यांच्या नावावर. आपण मधले. आपल्या पदरात पुण्य कसलं?” सगळे हसले. मीही हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आता तर मुळीच नाही. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ साली झाला, जुनं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झालं, आणि पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये संशोधनात यावेत असा संकल्प आहे. राज्य विद्यापीठं आणि त्यांची महाविद्यालयं यांच्यापर्यंत हा पैसा पोचला पाहिजे असं सगळेच म्हणतात. पोचला तर तो या मधल्या माणसांच्याच टेबलावरून जाणार.

मधल्या माणसाचं पुण्य कसलं, याचं एक उत्तर पुण्यात आहे. १९१८ साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. पुढच्या वर्षी काम सुरू झालं. मुंबई सरकारनं मदत दिली, हैदराबादच्या निजामानं वार्षिक अनुदान दिलं, आणखी संस्थानं आली. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून मुख्य संपादक होते. ते १९४३ च्या जानेवारीत गेले. बाळासाहेब १९५१ साली गेले. चिकित्सक आवृत्ती पुरी झाली १९६६ साली. म्हणजे दाता गेला, ज्यानं कामाला शिस्त लावली तो संपादक गेला, संस्थानं विलीन झाली, राज्यकर्ते बदलले, आणि दान मात्र चालू राहिलं. कुणीतरी दर वर्षी हिशोब लिहिला, कुणीतरी दर वर्षी नवं पत्र पाठवून पुढच्या हप्त्याची आठवण दिली. संपादकांची नावं खंडांवर आहेत आणि ती असायलाच हवीत. पण अठ्ठेचाळीस वर्षं टिकलेलं दान हे एकट्या दात्याचं कर्तृत्व नसतं.

दान एकदा होतं. हात पुढे केला, पाणी सोडलं, झालं. राखण रोज करावी लागते, आणि न निवडलेल्या गोष्टीची करावी लागते. राजानं कोणतं गाव द्यायचं ते स्वतः ठरवलं. त्याच्या नातवाला त्या गावाशी, त्या ब्राह्मणाशी देणंघेणं नसताना ते पाळायचं होतं. लेखापालाला खारफुटीतल्या बुरशीवरच्या प्रकल्पाशी काय देणंघेणं? तरीही त्या बुरशीचे पैसे दुसऱ्या कुणी खाऊ नयेत हे त्यानं बघायचं. त्यात ना आवड, ना नाव. स्वतः न दिलेल्या शब्दाला जागणं हे दिलेल्या शब्दाला जागण्यापेक्षा अवघड आहे. दानपत्र लिहिणाऱ्यांनी राखणाऱ्याचा दर्जा वर ठेवला तो मला म्हणून पटतो.

इथवर हेडक्लार्क साहेबांना सांगितलं असतं तर ते खूश होऊन घरी गेले असते. पण राखायचं नेमकं काय, हे अजून ठरलेलं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी एक प्रश्न निकालात काढू. हा पैसा कुणाचा? दिल्लीनं दिला म्हणजे तिचा राहिला नाही. प्राध्यापकाच्या नावानं मंजूर झाला, तरी त्याच्या खिशातला नाही. विद्यापीठाच्या खात्यात आहे, पण विद्यापीठाला त्यातून कुंपणाची भिंत बांधता येत नाही. मीमांसकांनी नेमका हाच प्रश्न देवाच्या बाबतीत विचारला होता. देवाचं गाव, देवाचं शेत असं आपण म्हणतो, पण देव त्या शेताचं आपल्या मर्जीनं काही करतो का? त्यांच्यातले भाष्यकार शबरस्वामी यांचं उत्तर रोखठोक आहे. आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येतं ते आपलं. देव तसं वापरत नाही, म्हणून ‘देवाचं शेत’ हे बोलण्यापुरतं. प्रत्यक्षात देवासाठी म्हणून दिलेल्यावर त्याचे सेवेकरी जगतात. पुढे इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी दुसरी वाट धरली. १९२५ च्या मलिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं मूर्तीला कायद्याच्या नजरेत व्यक्ती मानलं आणि तिच्या वतीनं कारभार बघणाऱ्याला तिचा सेवेकरी.

विद्यापीठाचंही तसंच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठ ही एक कायदेशीर व्यक्ती आहे, अखंड अधिकार परंपरा आणि सामाईक मुद्रा असलेली. पण ती व्यक्ती फाइल वाचत नाही, चेकवर सही करत नाही, प्रयोगशाळेत जात नाही. तिच्या वतीनं आपण करतो. मालकी कुणाचीच नाही आणि जबाबदारी आपली आहे, अशी ही जागा. महात्मा गांधी श्रीमंतांना विश्वस्त व्हा म्हणाले. पण श्रीमंताला निदान आपलं असलेलं ‘आपलं नाही’ म्हणायचं असतं. वरिष्ठ लिपिकाला असलं काही म्हणावंच लागत नाही, त्याचं तिथे मुळात काहीच नसतं. तो जन्मजात विश्वस्त.

मालकच नसेल तर राखायचं ते कुणासाठी, कशाच्या आधारे? मालकाची मर्जी विचारता येत नाही, मागे उरतो फक्त हेतू. ज्यासाठी दिलं ते. बारा-ए नमुन्यावर आपण सही करतो तेव्हा तेच प्रमाणित करतो, की ही रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली त्याच कारणासाठी वापरली गेली. पैसे किती खर्च झाले हा त्या कागदाचा अर्धा भाग. कशासाठी झाले हा दुसरा. आणि आमची सगळी प्रशिक्षणं पहिल्या अर्ध्या भागावर संपतात.

याचा परिणाम सांगते. इथल्या खाडीवर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापिकेला भरतीच्या वेळी पाण्याचे नमुने घ्यायचे होते. बाळकुम-कोळशेतकडे आगरी-कोळी वस्ती जुनी, होडी मिळणं अवघड नाही. तिनं एका नाखव्याची होडी ठरवली. त्यानं ठरलेले पैसे घेतले, इमानानं काम केलं. महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारणा झाली, “बिल कुठे? जीएसटी नंबर?” नाखव्याकडे कुठला जीएसटी नंबर? “मग पैसे निघणार नाहीत.” शेवटी कुणीतरी शहाणपण सुचवलं आणि तेवढ्याच रकमेचं स्टेशनरीचं छापील बिल फाइलला लागलं. ऑडिटमध्ये त्यावर एक अक्षर निघालं नाही.

आता बघा. होडी खरी, भरती खरी, नाखव्याचे कष्ट खरे. फाइलमध्ये यातलं काहीच नाही. आणि न घेतलेले कागदाचे गठ्ठे मात्र बिनचूक आहेत. खरं तर साध्या कागदावर हातपावती घ्यायची. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावायचा. नाखव्याची सही नाहीतर अंगठा. कोणत्या दिवशी कुठून कुठे नेलं ते लिहायचं. प्राध्यापिकेनं खाली प्रमाणित करायचं आणि बिल का मिळू शकत नाही याची टिपणी जोडायची. ते सांगायला त्या टेबलावर कुणी नव्हतं, कारण तिथल्या माणसाला प्रशिक्षणात फक्त भीती शिकवली होती. आक्षेप निघेल, वसुली लागेल, पेन्शन अडकेल. गद्धेगाळ गेले, ऑडिट पॅरा आले. भीतीनं चोर थबकतो हे खरं, पण भ्यालेला सज्जन खोटं बोलायला शिकतो, त्याचं काय?

दुसरं उदाहरण याहून वाईट. एका प्रकल्पावर काम करणाऱ्या मुलाची फेलोशिप कित्येक महिने निघाली नाही. केंद्राच्या २०२३ पासूनच्या दरानं कनिष्ठ संशोधन छात्राला महिना सदतीस हजार मिळतात, घरभाडं वेगळं. पैसे खात्यात पडून होते. नियुक्तीच्या पत्रात एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त करायला फाइल वर गेली आणि वरच राहिली. मुलगा खोलीचं भाडं थकवत राहिला आणि शेवटी एका क्लासमध्ये शिकवायला लागला. प्रकल्प संपला, शिल्लक रक्कम व्याजासकट परत गेली, युसी वेळेत गेली. नियम एकही मोडला नाही. कुणी एक पैसा खाल्ला नाही.

मग यात दोष आहे की नाही? दानपत्रातले शाप हिरावून घेणाऱ्याला आहेत, आणि ऑडिटचाही डोळा त्याच्यावरच. पण कौटिल्य या दोघांच्या पुढे गेलेला आहे. त्याचं अर्थशास्त्र र. पं. कंगले यांनी संपादित केलं आणि मुंबई विद्यापीठानंच ते १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलं. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात कोश कशानं झिजतो याची आठ कारणं आहेत. अपहार, म्हणजे सरळ चोरी, हे त्यातलं शेवटचं. पहिलंच कारण प्रतिबंध, म्हणजे काम अडवून ठेवणं. आणखी एक आहे अवस्तार, म्हणजे वेळ आलेली असताना आली नाही म्हणणं आणि आली नसताना आली म्हणणं. वर्षभर फेलोशिप अडवायची आणि ३१ मार्चच्या रात्री न आलेलं यंत्र आलं म्हणून दाखवायचं, या दोन्ही गोष्टी त्या एका कलमात बसतात. कौटिल्याला हे कळलं होतं की खजिन्याशेजारी बसलेला माणूस न खाताही खजिना झिजवू शकतो.

यावर कार्यालयात एक ठरलेलं उत्तर मिळतं, तेही गीतेच्या आधारानं. “आपण आपलं कर्म करायचं, फळाकडे बघायचं नाही.” मला या वाक्याची चीड येते. फळाची आसक्ती सोडणं आणि फळाची पर्वा सोडणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं आणि १९१५ साली ते छापलं गेलं, त्यात त्यांचा सगळा भर कर्मावर आणि लोकसंग्रहावर आहे. लोकांचं चाललेलं नीट चालावं म्हणून करायचं ते कर्म. त्याच गीतेत सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगितले आहेत, आणि योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. मुलाला वेळेवर न मिळालेली फेलोशिप यांतल्या कुठल्या प्रकारात बसते ते वाचकांनीच ठरवावं. दिल्लीनं सात्त्विक दिलं असेल. पोचेपर्यंत आम्ही ते तामस करून ठेवलं.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप मात्र खरा आहे आणि मी तो टाळत नाही. हेतू, हेतू म्हणून नियम वाकवणारेच उद्या गैरव्यवहारात सापडतात. “सायन्ससाठीच घेतलं” असं म्हणून घरी लॅपटॉप नेणारे मी पाहिलेत. लेखापालानं हेतूचा न्याय करायचा म्हटलं तर त्याला रसायनशास्त्र कुठे येतं? आणि उद्या प्रत्येक टेबलावर वेगळा हेतू निघाला तर नियमाला अर्थ काय राहिला?

माझं उत्तर असं की हेतूचा न्याय करायला मी सांगतच नाही. हेतू विचारायला सांगते, आणि मिळालेलं उत्तर फाइलवर लिहायला सांगते. नियम मोडायचा नाही. नियमात असलेली खरी वाट शोधायची. हातपावतीची वाट नियमातलीच होती. तारखेची दुरुस्ती कुलसचिवांकडून करून घेण्याआधी ‘छात्राचं मानधन थकलं आहे, विलंब कार्यालयीन आहे’ अशी एक ओळ टिपणीत लिहिणंही नियमातलंच होतं. ती ओळ फाइलवर पडली की वरच्या माणसाला ती वाचून पुढे जाता येत नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं. सरकारी कामात सदसद्विवेकबुद्धीला बोलण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे टिपणी. आणि तिथे आपण वर्षानुवर्षं ‘सादर, आदेशार्थ’ एवढंच लिहीत आलो.

वरच्यांनीही थोडा विचार केलेला दिसतो. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. विश्वास थोडा वाढवला. पण विश्वास वाढला की राखणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. जिथे तीन कोटेशनांची ढाल होती तिथे आता आपली स्वतःची अक्कल आणि इमान उभं करायचं आहे. ते शिकवणारं प्रकरण माझ्या स्लाइड्समध्ये आजवर नव्हतं. यंदापासून घातलं आहे.

तेव्हा हेडक्लार्क साहेब, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. पुण्य आहे, आणि देणाऱ्यापेक्षा जास्त आहे. पण ते रक्कम राखणाऱ्याला नाही. रक्कम तर बँकही राखते. ज्यासाठी दिलं ते ज्यानं राखलं त्याला ते पुण्य. ज्यानं पैसे जपले आणि हेतू वाळू दिला, त्याच्या युसीवर आक्षेप निघणार नाही. पण त्यानं राखलं काहीच नाही.

आणि प्राचार्य, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी यांना विनंती. पुढचं प्रशिक्षण ठेवाल तेव्हा माझ्यासारख्या लेखावालीला बोलवा, पण दुपारच्या सत्रात दोन संशोधक विद्यार्थ्यांनाही खुर्ची द्या. मानधन कधी आलं, रसायनं कधी आली, कुठली फाइल कुठे थांबली, हे त्यांना सांगू द्या आणि लिपिकांना ते लिहून घेऊ द्या. त्यानंतर सगळ्यांना एकदा प्रयोगशाळेत न्या आणि डेड स्टॉक रजिस्टरमधलं यंत्र चालू आहे का ते दाखवा. एवढ्याला वेगळं अनुदान लागत नाही.